नाणी आभासी, जबाबदारी खरी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९४०च्या दशकात होवी नावाची एक कंपनी संत्र्यांच्या बागांचे अरुंद पट्टे विकत असे. घेणारे बहुतेक परप्रांतीय असत. पर्यटनासाठी ते तेथे येत आणि कंपनीच्याच हॉटेलात उतरत. त्यांच्यापैकी कोणाला शेतीचे ज्ञान नव्हते, झाडांची निगा राखण्यासाठी लागणारी अवजारेही कोणापाशी नव्हती. त्यामुळे जमिनीच्या खरेदीखताबरोबर कंपनीच्या सहयोगी संस्थेशी मशागतीचा करारही होई. मशागत, तोडणी आणि विक्री ही सारी कामे ती संस्था करी आणि नफ्याचा वाटा खरेदीदाराला पाठवून देई. आपला पट्टा नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे बागेत उभे राहून सांगणेही खरेदीदाराला कठीण होते, कारण पट्ट्यांमध्ये कुंपणे नव्हती.

भांडवली बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे आपल्याकडील 'सेबी'च्या अमेरिकेतील समकक्ष आयोगाने, या विक्रीला हरकत घेतली. कंपनीचा बचाव साधा होता. आम्ही जमीन विकतो, समभाग किंवा कर्जरोखे विकत नाही; मग रोखेविषयक कायद्याचा आमच्याशी संबंध काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९४६ रोजी हा बचाव फेटाळला. व्यवहाराला दिलेले नाव महत्त्वाचे नसून त्याचे वास्तव स्वरूप महत्त्वाचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. सामाईक उपक्रमात पैसे गुंतवले गेले असतील आणि दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळण्याची अपेक्षा असेल, तर तो 'गुंतवणूक करार' होय आणि त्याला रोख्यांचा कायदा लागू होतो. हीच पुढे 'होवी कसोटी' म्हणून प्रसिद्ध झाली.

संत्र्यांच्या बागेसाठी तयार झालेली ही कसोटी सत्तर वर्षांनंतर संगणकाच्या पडद्यावरील नाण्यांना लावली गेली. कूटचलनाच्या माध्यमातून लोकांकडून निधी गोळा करणारे प्रवर्तक कायद्याला उत्तरदायी आहेत की नाहीत, या प्रश्नाची चर्चा आजही या निकालापासूनच सुरू होते.

श्वेतपत्रिका, टोकन आणि वचन

कूटचलनातील निधी उभारणीची पद्धत २०१७मध्ये जगभर गाजली. तिला 'इनिशियल कॉइन ऑफरिंग' किंवा थोडक्यात 'आयसीओ' म्हटले जाते. काही तंत्रज्ञ एकत्र येतात आणि नव्या प्रकल्पाची कल्पना मांडणारी 'श्वेतपत्रिका' इंटरनेटवर प्रसिद्ध करतात. तिच्यात तंत्रज्ञानाचे वर्णन, चमूतील सदस्यांचा परिचय, कामाचे वेळापत्रक आणि जमा होणाऱ्या निधीच्या विनियोगाचा आराखडा असतो. इच्छुक माणूस बिटकॉइन किंवा इथर पाठवतो आणि बदल्यात त्याला प्रकल्पाचे 'टोकन' मिळते. प्रकल्प यशस्वी झाला तर टोकनाचा भाव वाढेल, ही त्यामागची आशा असते.

समभाग घेणाऱ्याला कंपनीच्या मालकीत हिस्सा मिळतो, मतदानाचा आणि ताळेबंद पाहण्याचा अधिकार मिळतो. कर्जरोखे घेणाऱ्याला मुद्दल आणि व्याज मागण्याचा हक्क असतो. टोकन घेणाऱ्याच्या हाती बहुधा यांपैकी काहीच येत नाही. प्रवर्तक सांगितल्याप्रमाणे काम करतील, एवढाच त्याचा भरवसा असतो. म्हणूनच ते वचन देणारी माणसे कोण आणि ते मोडल्यास त्यांना जाब विचारता येतो का, हा प्रश्न येथे इतर कोणत्याही गुंतवणुकीपेक्षा अधिक निकडीचा ठरतो.

या प्रश्नाला पहिले अधिकृत उत्तर मिळाले ते 'द डाओ' या प्रकरणात. 'स्लॉक डॉट इट' या जर्मन कंपनीच्या मंडळींनी उभारलेली ही संगणकीय संस्था होती. तिला संचालक मंडळ नव्हते. टोकनधारकांनी मतदान करावे आणि संगणकीय आज्ञावलीने निर्णय अमलात आणावा, अशी योजना होती. ३० एप्रिल ते २८ मे २०१६ या काळात तिने सुमारे १ कोटी २० लाख इथर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १५ कोटी डॉलर जमवले. १७ जून रोजी आज्ञावलीतील त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी त्यातील सुमारे ३६ लाख इथर वळते केले.

अमेरिकी आयोगाने २५ जुलै २०१७ रोजी या प्रकरणाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. खटला भरण्याचे आयोगाने टाळले. परंतु ही टोकने म्हणजे रोखेच होते, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. मतदानाचा हक्क कागदोपत्री असला, तरी कोणते प्रस्ताव मतदानाला यावेत हे प्रवर्तकांनी निवडलेली माणसे ठरवत होती, आणि गुंतवणूकदारांचा भरवसा आज्ञावलीपेक्षा या मंडळींवरच होता, हे अहवालाचे मर्म होते. आज्ञावली ही माणसांनी माणसांसाठी लिहिलेली असते. तिच्या आडोशाला उभे राहून जबाबदारी झटकता येत नाही, हा त्यातून निघालेला पहिला धडा.

चार पळवाटा

त्यानंतरच्या वर्षांत प्रवर्तकांनी न्यायालयांत जे बचाव मांडले, त्यांत चार प्रमुख होते.

पहिला बचाव असा, की 'हे रोखे नव्हेत, ही वापरण्याची वस्तू आहे'. उपाहारगृहांविषयीचे अभिप्राय गोळा करणाऱ्या 'मंची' या कंपनीने २०१७मध्ये दीड कोटी डॉलर उभारण्यासाठी टोकनविक्री सुरू केली. या टोकनांनी पुढे खाद्यपदार्थ विकत घेता येतील, असे तिचे म्हणणे होते. मात्र जाहिरातीत भर होता तो टोकनाचा भाव वाढण्यावर. आयोगाने विचारणा करताच कंपनीने विक्री थांबवून पैसे परत केले. त्यामुळे तिला दंड झाला नाही. 'किक' या कॅनडातील संदेशसेवा कंपनीने मात्र लढण्याचे ठरवले. तिने २०१७मध्ये 'किन' नावाची टोकने विकून सुमारे १० कोटी डॉलर उभारले होते. सप्टेंबर २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला आणि पुढे तिला ५० लाख डॉलरचा दंड भरावा लागला. या प्रकरणात कोणाला फसवल्याचा आरोप नव्हता. नोंदणी न करता आणि कायद्याने आवश्यक असलेली माहिती न देता लोकांकडून पैसे घेतले, एवढाच दोष होता आणि तो पुरेसा ठरला. उत्तरदायित्व लबाडी सिद्ध झाल्यावरच सुरू होते, हा समज त्यामुळे दूर झाला.

दुसरा बचाव 'ही देणगी होती, आणि आम्ही परदेशात आहोत' असा. 'टेझोस' या प्रकल्पाने जुलै २०१७मध्ये स्वित्झर्लंडमधील एका प्रतिष्ठानाच्या नावे सुमारे २३ कोटी २० लाख डॉलर किमतीचे बिटकॉइन आणि इथर जमवले. अटींमध्ये या रकमेचा उल्लेख परत न मिळणारी देणगी असा होता. अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा दाखल केला, तेव्हा प्रतिष्ठानाने अमेरिकी कायदा आपल्याला लागू नसल्याचे सांगितले. न्यायालयाने २०१८मध्ये ते मान्य केले नाही. संकेतस्थळ अमेरिकेतील संगणकावरून चालत होते, आणि ज्या संगणकांच्या जाळ्यावर व्यवहारांची पडताळणी होत होती त्यांचीही सर्वाधिक दाटी अमेरिकेतच होती, या वस्तुस्थितीची न्यायालयाने दखल घेतली. अखेर २०२०मध्ये अडीच कोटी डॉलर देऊन, दोष मान्य न करता, तडजोड झाली.

तिसरा बचाव अधिक सूक्ष्म होता. 'टेलिग्राम'ने २०१८मध्ये १७१ मोठ्या गुंतवणूकदारांकडून सुमारे १७० कोटी डॉलर घेतले आणि पुढे 'ग्राम' नावाची नाणी देण्याचे मान्य केले. हा करार रोख्यांच्या कायद्यातील सवलतीत बसतो. नंतर वाटली जाणारी नाणी ही निराळी गोष्ट आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मार्च २०२०मध्ये न्यायालयाने दोन्ही टप्पे एकाच योजनेचे भाग मानून नाण्यांच्या वाटपाला मनाई केली. नाणी मिळताच हे गुंतवणूकदार ती सामान्य लोकांना विकणार, हे उघड होते. जून २०२०मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचे आणि १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मोठ्या प्रमाणावर पैसे परत मिळाल्याचे हे विरळा उदाहरण आहे. येथे नियामकाने वाटपाआधीच हस्तक्षेप केला होता, हे त्याचे मुख्य कारण.

चौथा बचाव 'आमच्यात मालकच नाही, सारे काही विकेंद्रित आहे' हा. या बचावाची परीक्षा झाली ती निधी उभारणीपेक्षा वेगळ्या, व्यवहारमंचाच्या प्रकरणात. परंतु तिचे परिणाम साऱ्यांनाच लागू पडणारे आहेत. 'बीझेडएक्स' या मंचाच्या संस्थापकांनी आपल्या मर्यादित दायित्वाच्या कंपनीकडील नियंत्रण 'ऊकी डाओ' नावाच्या टोकनधारकांच्या समूहाकडे सोपवले. यामुळे नियामकांचे हात पोचणार नाहीत अशी संस्थापकांची अपेक्षा होती, असा आरोप वायदे बाजाराच्या अमेरिकी आयोगाने ठेवला. समूहाला पत्ता नसल्यामुळे नोटीस त्याच्या संकेतस्थळावरील मदतकक्षातून बजावण्यात आली. समूहातर्फे कोणीच हजर झाले नाही. जून २०२३मध्ये न्यायालयाने असा समूह कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' ठरतो असे मान्य करून ६ लाख ४३ हजार डॉलरहून अधिक दंड ठोठावला. त्याच मंचावरील चोरीत पैसे गमावलेल्या ग्राहकांच्या दुसऱ्या दाव्यात, मतदानाचे टोकन धारण करणारे हे भागीदार ठरू शकतात हा मुद्दाही न्यायालयाने सुनावणीयोग्य मानला.

हे शेवटचे तत्त्व भारतीय वकिलांना नवे वाटणार नाही. आपल्या १९३२च्या भागीदारी कायद्यानुसारही भागीदारीच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. कंपनी स्थापन न करणे ही जबाबदारीतून सुटका नसते. कंपनीमुळे मिळणारे मर्यादित दायित्वाचे संरक्षणच त्यामुळे गमावले जाते.

माणसे तुरुंगात, पैसे गायब

जेथे उघड फसवणूक असते, तेथे प्रश्न दंडापुरता राहत नाही. 'सेंट्रा टेक' या कंपनीने २०१७मध्ये अडीच कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला. कूटचलन कोठेही खर्च करता येईल असे कार्ड आपण 'व्हिसा' आणि 'मास्टरकार्ड' यांच्या सहकार्याने देत आहोत, असा तिचा दावा होता. तसे सहकार्य अस्तित्वातच नव्हते, आणि संकेतस्थळावर झळकणारा मुख्य कार्यकारी अधिकारीही काल्पनिक होता. तिच्या एका सहसंस्थापकाला २०२१मध्ये आठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. प्रसिद्ध मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर याने पैसे घेऊन या टोकनांची भलामण केली होती आणि मोबदला मिळाल्याचे लपवले होते. २०१८मध्ये त्याला मोबदला आणि दंड मिळून ६ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. उत्तरदायित्वाची साखळी अशी जाहिरात करणाऱ्यापर्यंतही पोचली.

'टेराफॉर्म लॅब्ज'चा संस्थापक डो क्वॉन याचे प्रकरण या मालिकेतील सर्वांत मोठे म्हणता येईल. त्याच्या 'टेरा' आणि 'लुना' या नाण्यांची घसरगुंडी मे २०२२मध्ये झाली, तेव्हा सुमारे ४,००० कोटी डॉलरचे मूल्य काही दिवसांत नाहीसे झाले. क्वॉन दक्षिण कोरियाचा आणि कंपनी सिंगापूरमधली. बनावट पारपत्रासह तो मार्च २०२३मध्ये सापडला मॉन्टेनेग्रोत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचे अमेरिकेला प्रत्यार्पण झाले, ऑगस्ट २०२५मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २०२५मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

कायद्याचा हात लांब असतो, याची अशी उदाहरणे देता येतात. परंतु तो हात रिकामा परततो, हेही तितकेच खरे आहे. क्वॉनने कबुलीजबाबात जप्तीसाठी मान्य केलेली रक्कम २ कोटी डॉलरहूनही कमी होती. 'ब्लॉक डॉट वन' या कंपनीने २०१७-१८मध्ये वर्षभर टोकने विकून काही अब्ज डॉलर उभारले. २०१९मध्ये तडजोडीत तिला दंड झाला २ कोटी ४० लाख डॉलर. अशा दंडाची जरब बसते की तो व्यवसायाचा किरकोळ खर्च मानला जातो, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो अनाठायी नव्हता.

वादाची दुसरी बाजू

प्रवर्तकांची बाजू सर्वस्वी चुकीची आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. नियम आधी सांगितले नाहीत आणि खटले मात्र भरले, ही त्यांची तक्रार आहे. 'रिपल' या कंपनीच्या खटल्यात जुलै २०२३मध्ये न्यायालयाने तिला अंशतः दाद दिली. मोठ्या संस्थांना थेट केलेली विक्री रोख्यांच्या कायद्यात येते. पण बाजारमंचावर, विक्रेता कोण हे खरेदीदाराला ठाऊक नसताना झालेली विक्री त्यात येत नाही, असा तो निकाल होता. त्याच महिन्यात, त्याच शहरातील दुसऱ्या न्यायाधीशाने 'टेराफॉर्म'च्या प्रकरणात हा भेद अमान्य केला. रिपलला २०२४मध्ये साडेबारा कोटी डॉलरचा दंड झाला आणि ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही बाजूंनी अपिले मागे घेतली. त्यामुळे हा मतभेद वरिष्ठ न्यायालयात सुटलाच नाही. अमेरिकी आयोगाचा सूरही २०२५मध्ये बदलला. अनेक प्रलंबित प्रकरणे त्याने सोडून दिली, आणि केवळ गंमत किंवा लोकप्रियता यांवर चालणारी 'मीम' नाणी रोख्यांत मोडत नाहीत, असे त्याच्या एका विभागाने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केले. नोंदणीची सक्ती सैल झाली, तरी फसवणुकीविरुद्धचे कायदे मात्र जागेवर आहेत.

युरोपीय महासंघाने वेगळा मार्ग धरला. टोकन हा रोखा आहे की नाही, या वादात न अडकता त्याने २०२३मध्ये कूटचलनांच्या बाजारपेठेसाठी स्वतंत्र नियमावली केली. ती ३० डिसेंबर २०२४पासून पूर्णपणे लागू झाली. तिच्यानुसार लोकांना टोकन विकणाऱ्याला काही अपवाद वगळता कायदेशीर संस्था असावे लागते. ठरावीक मजकुराची श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून ती नियामकाला कळवावी लागते. तिच्यातील माहिती अपुरी किंवा दिशाभूल करणारी असेल, तर संस्थेबरोबरच तिच्या व्यवस्थापक मंडळाचे सदस्यही नुकसानभरपाईला जबाबदार ठरतात. बाजारमंचावर अजून न आलेले टोकन थेट विक्रेत्याकडून घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला चौदा दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क आहे. जबाबदार माणसाचे नाव पैसे घेण्याआधी कागदावर यावे, हा या नियमावलीचा गाभा आहे.

आपल्याकडील चित्र

संत्र्यांच्या बागेची गोष्ट भारतीय वाचकाला परकी वाटू नये. १९९०च्या दशकात सागवानाच्या रोपांत पैसे गुंतवा आणि वीस वर्षांनी लखपती व्हा, अशा जाहिराती वर्तमानपत्रांतून झळकत होत्या. त्यांतील अनेक योजना बुडाल्या. त्यानंतर 'सेबी' कायद्यात ११ एए हे कलम घालून 'सामूहिक गुंतवणूक योजने'ची व्याख्या करण्यात आली. लोकांचे पैसे एकत्र करणे, त्यांतून नफ्याची अपेक्षा असणे, योजनेचे व्यवस्थापन दुसऱ्याने करणे आणि गुंतवणूकदाराचे दैनंदिन कारभारावर नियंत्रण नसणे, ही तिची लक्षणे आहेत. होवी कसोटीशी त्यांचे साम्य सहज ध्यानात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये पीजीएफ कंपनीच्या जमीनविक्री योजनेच्या प्रकरणात हे कलम वैध ठरवले. तेथेही कंपनीचा बचाव 'आम्ही फक्त जमीन विकतो' हाच होता.

कूटचलनांसाठी मात्र आपल्याकडे असा स्वतंत्र, सर्वंकष कायदा झालेला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२च्या अर्थसंकल्पाने 'आभासी डिजिटल मालमत्ता' अशी संज्ञा घडवून तिच्यावरील उत्पन्नाला ३० टक्के कर लावला. कर लागला म्हणजे मान्यता मिळाली, असा गैरसमज तेव्हा पसरला. पण करआकारणीचा आणि गुंतवणूकदाराच्या संरक्षणाचा काही संबंध नाही. ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेने या क्षेत्रातील व्यावसायिकांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले. तिच्यातील पाच कृत्यांत, टोकन काढणाऱ्याच्या विक्रीशी निगडित वित्तसेवा देणे किंवा तीत सहभागी होणे, याचाही समावेश आहे. म्हणजे ग्राहकांची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक झाले. श्वेतपत्रिकेत काय लिहावे आणि ते खोटे ठरल्यास भरपाई कोणी द्यावी, याविषयी मात्र ही अधिसूचना काही सांगत नाही.

मग पैसे बुडालेल्या माणसाने जावे कोठे? फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली नोंदवता येतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा केंद्रीय कायदा आहे. परंतु त्याच्या व्याख्येत ठेव म्हणजे 'पैशाची रक्कम' असल्यामुळे, बिटकॉइन घेतले तर ते पैसे घेतले असे म्हणायचे का, हा वाद उभा राहतो. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा, म्हणजे 'एमपीआयडी', येथे अधिक व्यापक आहे. पैशांबरोबरच 'मौल्यवान वस्तू' स्वीकारणेही त्याच्या व्याख्येत ठेव ठरते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये 'नॅशनल स्पॉट एक्स्चेंज'शी संबंधित प्रकरणात या व्याख्येचा विस्तृत अर्थ लावला आहे. या कायद्याखाली प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांना शिक्षा होऊ शकते आणि मालमत्ता जप्त करता येते. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये कूटचलन ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता असल्याचे म्हटले, तेही बुडालेल्यांच्या दाव्यांना बळ देणारे आहे.

कागदावरील या तरतुदींची प्रत्यक्षात काय गत होते, हे पुण्याने जवळून पाहिले. 'गेनबिटकॉइन' योजनेत अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्ये देण्याचे आमिष होते. नवे पैसे येणे आटले, तेव्हा २०१७मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या घरच्याच नाण्यात देण्यास सुरुवात झाली आणि त्या नाण्याला फारशी किंमत नव्हती, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे आहे. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्याविरुद्धचे आरोप निकालाविनाच राहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये, तपासात साहाय्यासाठी घेतलेल्या दोन तांत्रिक तज्ज्ञांनाच आरोपींच्या खात्यांतील कूटचलन वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. अनेक राज्यांत विखुरलेले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले. त्या विभागाने देशभर छापे घातले ते फेब्रुवारी २०२५मध्ये.

'बिटकनेक्ट'ची कथाही अशीच आहे. स्वतःचे नाणे काढून जगभरातून सुमारे २४० कोटी डॉलर जमवल्याचा आरोप असलेल्या या योजनेचा संस्थापक सुरतचा सतीश कुंभाणी. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले. तेथील मुख्य प्रचारकाला ३८ महिन्यांचा कारावास झाला आणि त्याच्याकडून जप्त केलेल्या रकमेतून १ कोटी ७० लाख डॉलर सुमारे ८०० लोकांना देण्याचा आदेश जानेवारी २०२३मध्ये निघाला. हे लोक चाळीसहून अधिक देशांतील होते. भारतात सक्तवसुली संचालनालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये याच प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांचे कूटचलन जप्त केले. योजना बंद पडली होती जानेवारी २०१८मध्ये. म्हणजे जप्तीपर्यंत पोचायला सात वर्षे लागली आणि जप्त मालमत्ता ठेवीदारांच्या हाती पडायला पुढे न्यायालयाचा रस्ता शिल्लक आहेच.

आधी की नंतर?

या साऱ्या प्रकरणांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. प्रवर्तकांना उत्तरदायी धरण्याची तत्त्वे जुन्या कायद्यांतच आहेत. नवे तंत्रज्ञान त्यांच्या कक्षेबाहेर नाही. उणीव आहे ती वेळेची. गुन्हा नोंदवणे, अटक, प्रत्यार्पण, जप्ती ही पैसे गेल्यानंतरची उत्तरे आहेत. ती गुन्हेगाराला शिक्षा देतात, पण निवृत्तीची पुंजी गमावलेल्या माणसाला ती परत मिळवून देतीलच असे नाही. टेलिग्रामच्या गुंतवणूकदारांना बरेचसे पैसे परत मिळाले, कारण नियामकाने आधी दार अडवले. बिटकनेक्टच्या ठेवीदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, कारण तेथे सारे काही नंतर घडले. जबाबदार व्यक्तीचे नाव, पत्ता आणि दायित्व विक्रीपूर्वीच नोंदवून घेणारी तरतूद भारतातही झाली, तर टोकनविक्री थांबणार नाही. मात्र तोंड लपवून ती करणे अवघड होईल.

तोवर प्रत्येक गुंतवणूकदाराला होवी कसोटी स्वतःपुरती उलटी वापरून पाहता येईल. आपला नफा कोणाच्या श्रमांतून यायचा आहे, याचे उत्तर त्याने पैसे पाठवण्यापूर्वी शोधावे. त्या माणसाचे खरे नाव, नोंदणीकृत संस्था, तिचे कार्यालय आणि तिला ज्या न्यायालयात खेचता येईल ते न्यायालय, या चार गोष्टी श्वेतपत्रिकेत सापडत नसतील, तर परतावा कितीही आकर्षक असो, तो देण्यास कायद्याने बांधलेले असे कोणीच नाही, हे ओळखावे. फ्लोरिडातील खरेदीदारांना निदान बाग कोठे आहे आणि ती कोण राखतो, हे ठाऊक होते.